ओसरीवरून : एकट्याची गाडी

वाचकहो, पस्तीस वर्षे आम्ही शिरूरच्या मुलांस धातुरूपे व समास शिकविले. यंत्रांशी आमचा संबंध सायकलच्या साखळीस तेल घालण्यापलीकडे कधी गेला नाही. तेव्हा पहिली क्वाड बाईक कशी निवडावी, हा विषय घेऊन आम्ही या महिन्यात आपल्यापुढे आलेले पाहून कित्येकांस हसू येईल. ते स्वाभाविकच आहे. आमच्या घरीही प्रथम हसूच आले. मग वाद झाला. आणि वादाच्या अखेरीस एक जुने दुःख वर आले. त्या सर्वांतून जे निष्पन्न झाले ते सांगावे असे वाटते. कारण जो प्रश्न आज आमच्या ओसरीवर आला, तो उद्या आपल्या ओसरीवर येणारच नाही असे नाही.

ज्यांनी ही गाडी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडे वर्णन करतो. लोणावळ्याच्या बाजूस किंवा अलिबागजवळ नागावच्या किनाऱ्यावर सहलीस गेलेल्या मंडळींनी ती पाहिली असेल. मोटारसायकलीसारखे हँडल, घोड्यावर बसावे तशी बैठक, आणि खाली चार फुगीर चाके, असे तिचे स्वरूप. लोक तिला क्वाड बाईक किंवा एटीव्ही म्हणतात. तिच्यात मुख्यतः दोन जाती आहेत. एक कामाची : ती जड असते, बहुधा चारही चाकांस गती मिळते, आणि पुढेमागे ओझे बांधण्यास जाळ्या असतात. दुसरी खेळाची : ती हलकी, अंगाने बारीक, केवळ मागील दोन चाकांवर धावणारी, आणि बैठक एकाचीच. आमच्या नातवास हवी होती ती ही दुसरी.

नातू एकोणीस वर्षांचा असून पुण्यास अभियांत्रिकीचे शिक्षण घेत आहे. मोटारसायकलीचा परवाना त्याजपाशी आहे. आमचे घर शिरूरास, घोड नदीच्या काठच्या गावात. थोडी जिराईत जमीन गावाबाहेर मुरमाड माळावर आहे. आमच्या कन्येचे सासर दौंड तालुक्यात भीमेच्या अंगास. तेथे काळी जमीन, ऊस, आणि उन्हाळ्यात उघडे पडणारे नदीचे वाळवंट. सुटीत दोन्हीकडे हिंडता येईल अशी गाडी हवी, असे त्याने रात्रीच्या जेवणानंतर सर्वांपुढे सांगितले. शिकवण्या घेऊन साठविलेली रक्कमही त्याने पुढे केली. तीत भर घालण्यापुरतीच त्याची मागणी होती.

घरची सभा भरली. आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, “हातपाय मोडून घ्यायला पैसे कशाला मोजायला हवेत?” चिरंजीवांनी किंमत विचारली व ऐकून पुन्हा विचारली. सूनबाईंचा प्रश्न मात्र विचार करण्यासारखा होता. त्या म्हणाल्या, “मोटारसायकलला दोन चाकं, हिला चार. मग ही जास्त सुरक्षित नाही का?” आम्ही कोणाचेच पुरते ऐकून न घेता एका शब्दात निकाल दिला, “नाही.”

तेव्हा झोपाळ्यावर बसलेले आमचे धाकटे बंधू शांतपणे म्हणाले, “दादा, हेच उत्तर बाबांनी मला दिलं होतं.”

येथे थोडे मागे जाणे भाग आहे. १९७९ साली बंधू सतरा वर्षांचे होते. फटफटी चालविण्यास शिकावे अशी त्यांची फार इच्छा. वडिलांनी सांगितले, “या घरात फटफटी येणार नाही”. आणि त्यांच्या शब्दापुढे शब्द काढण्याची रीत आमच्या घरी नव्हती. बंधूंनी एका परिचिताची फटफटी तासाभरासाठी मागून घेतली व नदीच्या पात्रात नेली. शिकविणारे कोणी नाही, डोक्यावर काही नाही, पायांत साध्या चपला. वाळूत वळताना गाडी कलली; तोल सावरण्यासाठी त्यांनी डावा पाय खाली टेकला आणि तोच गाडीखाली सापडला. हाड जुळले, परंतु पाय दोन बोटे आखूड राहिला. त्यानंतर त्यांनी दुचाकी हाती धरली नाही; थांबताना आखूड पायावर भार पेलण्याचा भरवसा त्यांस कधी वाटला नाही.

जे आजवर आम्ही या पानावर लिहिले नाही ते आता लिहितो. आदल्या रात्री त्यांनी हा बेत आम्हांस सांगितला होता. आम्ही तो वडिलांच्या कानावर घातला नाही, आणि त्यांच्याबरोबर नदीवर गेलोही नाही. वडिलांनी निषेध केला, आम्ही मौन धरले. शिकविले कोणीच नाही. शिक्षकाच्या पेशात पुढे आयुष्य घालविणाऱ्या माणसास ही गोष्ट विसरता येत नाही.

म्हणून आम्ही आपला “नाही” मागे घेतला आणि “पाहू” म्हटले. आमच्या घरांत “पाहू” म्हणजे सौम्य नकार असतो, हे नातवास ठाऊक आहे. या खेपेस मात्र आम्ही खरोखरच पाहिले. दोन महिने माहिती काढली, जाणत्यांस विचारले, यंत्रे उलटसुलट करून तपासली. त्यातून जे हाती लागले ते क्रमाने देतो.

प्रथम सूनबाईंच्या प्रश्नाचे उत्तर. चार चाके म्हणजे अधिक सुरक्षितता, हा तर्क सरळ दिसतो, परंतु तो पुरता नाही. या जातीच्या गाड्या आरंभी तीन चाकांच्या होत्या. होंडा कंपनीने १९७० साली अशी तीनचाकी अमेरिकेत विक्रीस आणली. ती वळणावर उलटू लागली, पुष्कळ माणसे व मुले जायबंदी झाली. सुझुकीने १९८३ सालच्या सुमारास चारचाकी काढली, आणि १९८८ साली न्यायालयापुढील करारान्वये मोठ्या कंपन्यांनी तीनचाकीची अमेरिकेतील विक्री बंद केली. चौथ्या चाकाने स्थैर्य वाढले खरे. परंतु चार चाकांची गाडी उलटते तेव्हा ती अंगावर येते, आणि तिचे वजन दोन क्विंटलांच्या जवळपास असते. ज्वारीची पावणेदोन पोती एकदम छातीवर पडली तर काय होईल, हे शेतकऱ्याच्या घरी समजावून सांगावे लागत नाही.

दुसरे, मोटारसायकल येणाऱ्यास ही गाडी येते असे नाही. उलट, मोटारसायकलीची सवय येथे आड येते. मोटारसायकल कलली की पाय खाली टेकण्याची देहास सवय असते. या गाडीवर तसे करणे हाच मोठा प्रमाद. कारण टेकलेला पाय मागील चाकाखाली ओढला जातो. म्हणून चांगल्या गाडीस पायांच्या मागे जाळी किंवा पट्ट्यांचे संरक्षण असते. ते नसेल तर प्रथम बसवून घ्यावे. बंधूंनी हा मुद्दा ऐकला तेव्हा ते काही बोलले नाहीत. केवळ मान हलविली.

तिसरी गोष्ट वळण्याची. ती आम्हांस दौंडच्या स्टेशनावर उमगली. बैलगाडीचा कणा स्थिर असतो आणि त्याभोवती दोन्ही चाके आपापल्या वेगाने फिरतात. त्यामुळे वळताना बाहेरचे चाक अधिक फिरते, आतले कमी. रेल्वेच्या डब्याची चाके तशी नसतात. दोन्ही चाके कण्यास घट्ट बसविलेली असून कण्यासह एकाच वेगाने फिरतात. खेळाच्या क्वाड बाईकचा मागील कणा रेल्वेच्या जातीचा आहे. मोटारीस असणारे डिफरन्शियल तिला नसते. अर्थात वळताना आतल्या चाकास घसरावेच लागते, आणि ते घसरावे म्हणून चालविणाऱ्याने आपला देह वळणाच्या आतल्या बाजूस झुकवून पुढे आणावा लागतो. त्यामुळे आतल्या बाजूस उलटण्याचे भय नसून बाहेर फेकले जाण्याचे भय कमी होते. चढावर पुढे झुकावे, उतारावर मागे सरावे, आडव्या उतारावर चढाच्या अंगास भार द्यावा. तात्पर्य, या गाडीचा अर्धा तोल चालविणाऱ्याच्या देहात असतो. ती बसून चालवावयाची नव्हे, अंगाने चालवावयाची गाडी आहे.

यातूनच तो नियम निघतो, जो आपल्यासारख्या भरल्या घरांनी सर्वांत अधिक लक्षात ठेवला पाहिजे. या गाडीवर दुसरे माणूस बसवावयाचे नाही. मागे नाही आणि पुढे तर नाहीच. आपल्या घरांत वस्तू एकाची नसते. सायकल आली की तिच्या दांड्यावर एक व कॅरिअरवर एक बसलाच. “तिलाही एक फेरी मारून आण,” हे वाक्य आपण प्रेमाने उच्चारतो. परंतु मागे बसलेल्या मुलामुळे चालविणाऱ्यास सरकता येत नाही, झुकता येत नाही, आणि जो तोल त्याच्या देहात होता तो नष्ट होतो. एकत्र कुटुंबात या गाडीचा धोका वेगाइतकाच आपल्या वाटून घेण्याच्या वृत्तीतही आहे.

आता प्रत्यक्ष निवडीकडे वळू. नातवाचा डोळा यामाहाच्या रॅप्टर ७०० वर होता. तिचे इंजिन ६८६ सीसीचे, सिलिंडर एक, वजन सुमारे १९० किलो. त्याच कंपनीची वायएफझेड ४५० आर ही ४४९ सीसीची असून शर्यतीसाठी बांधलेली आहे. दोन्ही उत्तम यंत्रे आहेत यात संशय नाही. परंतु लघुकौमुदी न शिकलेल्या विद्यार्थ्याच्या हाती एकदम महाभाष्य देऊ नये. शर्यतीच्या गाडीचे बळ इंजिन जोरात फिरू लागले की एकाएकी प्रकट होते. दगडांतून, बाभळींतून हळू जावयाचे असेल तेथे ते बळ निरुपयोगी आणि नवशिक्यास घातक. शिवाय शर्यतीच्या कित्येक गाड्यांस रिव्हर्स गिअर नसतो. शर्यतीत मागे जावयाचे नसते म्हणून तो नसतो. पण आमच्या ओढ्यांत, बांधांत व काटेरी गल्ल्यांत मागे जाण्याचे प्रसंग पदोपदी येतात. पावणेदोन क्विंटलांची गाडी हाताने मागे ओढून पाहिल्यावर नातवाचा या बाबतीतला आग्रह आपोआप मावळला.

पहिल्या गाडीसाठी आम्हांस योग्य वाटला तो २०० ते २५० सीसीचा वर्ग. उदाहरणार्थ, होंडाची टीआरएक्स २५० एक्स ही २२९ सीसीची, हवेने थंड होणारी. तिचे गिअर क्लच दाबून वा न दाबताही बदलता येतात आणि रिव्हर्स आहे. पोलॅरिसची फिनिक्स २०० ही गिअर बदलण्याची कटकट नसलेली, पट्ट्यावर चालणारी. ज्यास गिअर शिकावयाचे आहेत त्याने पहिला प्रकार घ्यावा. ज्यास प्रथम केवळ तोल शिकावयाचा आहे त्याने दुसरा. पट्ट्याच्या गाडीत पाणी शिरले तर पट्टा घसरतो, एवढे ओढे ओलांडणाऱ्याने ध्यानी ठेवावे. साखळीच्या गाडीचे पथ्य निराळे : मागील कण्यावरील साखळीची चकरी व ब्रेकची तबकडी हाच गाडीचा सर्वांत खालचा भाग असतो, आणि माळावरच्या उभ्या दगडास प्रथम तोच लागतो. त्याखाली जाड पत्रा बसविलेला असावा.

गाडीचे माप अंगास आले पाहिजे. ते असे पाहावे. पायदानावर उभे राहिले असता बैठक व देह यांत तीन ते सहा इंच अंतर राहावे. हँडल एका अंगास पूर्ण वळविले तरी दोन्ही हात मुठींस सहज पोहोचावेत. बोटे ब्रेकवर आणि अंगठा थ्रॉटलवर न ताणता यावा. होय, या गाडीचा थ्रॉटल मूठ पिळून नव्हे, अंगठ्याने दाबून चालतो. कारण धक्के बसताना मूठ नकळत पिळली गेली तर गाडी उधळेल. नवशिक्यासाठी थ्रॉटलची धाव आखडून ठेवणारा स्क्रू असतो, तो प्रथम आवळून घ्यावा. मनगटास दोरीने जोडलेली, पडताच इंजिन बंद करणारी कळ हवीच.

भूमीचा विचार केल्याशिवाय टायर घेऊ नयेत. आमच्या भागात पाऊस वर्षास ५०० मिलिमीटरांच्या आसपास. म्हणजे आठ महिने धूळ आणि उरलेल्या दिवसांत काळीचा चिखल. शिरूरकडील मुरमावर बारीक खडे गोट्यांसारखे चाकाखालून निसटतात. दौंडकडील काळी ओली झाली की चाकास लगडते आणि वाळली की तिला हात जाईल अशा भेगा पडतात. भीमेच्या पात्रात वाळू उपशाने पडलेले खड्डे आहेत. वरून सपाट दिसणारी वाट पुढे तुटलेली असू शकते, म्हणून कोठलीही नवी वाट प्रथम पायी चालून पाहावी. आणि सर्वत्र बाभळीचा काटा. केवळ वाळूचे किंवा केवळ चिखलाचे टायर येथे कामाचे नाहीत. मध्यम खाचांचे, अधिक पदरांचे टायर घ्यावेत व पंक्चर बुजविण्याचे साहित्य जवळ बाळगावे. या टायरांत हवा फारच थोडी, चार-पाच पौंडांच्या आसपास असते. मोटारीच्या टायरांची तीस पौंडांची सवय असलेला पंपावरील काटा एवढी कमी हवा नीट दाखवीत नाही. म्हणून कमी दाबाचा स्वतंत्र काटा विकत घ्यावा. धुळीसाठी दुसरे पथ्य : हवेची गाळणी प्रत्येक फेरीनंतर पाहावी, धुवावी, वाळवून तेल लावावी. इंजिन बिघडते ते बहुधा धूळ पोटात गेल्यामुळे.

अशा गाड्या आपल्या तालुक्याच्या गावी दुकानात मांडलेल्या नसतात. पोलॅरिसने २०११ साली भारतात शाखा काढली. जपानी कंपन्यांच्या खेळाच्या गाड्या बहुतेक बाहेरून आणलेल्या वा दुसऱ्या हाताच्या मिळतात. सहलीच्या केंद्रांनी वापरून काढलेल्याही विक्रीस येतात. जुनी घेताना मागचा भाग उचलून चाक दोन्ही हातांनी हलवावे. खडखड ऐकू आली तर बेअरिंग गेले समजावे. पुढील चाकांच्या सांध्यांतही तसेच पाहावे. सांगाड्याच्या जोडांवर नवा रंग दिसला तर त्याखाली भेग लपविलेली असण्याचा संशय घ्यावा. तेलाचा रंग दुधाळ असेल तर आत पाणी गेले आहे. चासी क्रमांक कागदांशी ताडून पाहावा आणि आयातीचे कागद नसतील तर कितीही स्वस्त मिळो, हात जोडून परत यावे. बेअरिंग, साखळी, ब्रेकचे पॅड यांची सोय आपल्याकडील कुशल मिस्त्री करू शकतो. परंतु कंपनीचाच भाग लागणार असेल तर तो कोठून मिळेल, हे आधी विचारावे.

कायद्याचा प्रश्न चिरंजीवांनी काढला, आणि तो त्यांनी काढला म्हणून बरे झाले. ज्या वाहनाची मोटार वाहन कायद्याखाली नोंदणी नाही, ते सार्वजनिक ठिकाणी चालविता येत नाही. आणि सार्वजनिक ठिकाण म्हणजे केवळ डांबरी रस्ता नव्हे, जेथे लोकांस जाण्याचा हक्क आहे अशी गाडीवाटही त्यात येते. पोलॅरिसने आपले एक कामाचे वाहन शेतीच्या ट्रॅक्टराच्या नोंदणीस पात्र करून विकले होते. खेळाच्या गाड्यांची गोष्ट तशी नाही. म्हणजे शिरूरहून न्हावऱ्यावरून चौफुल्यापर्यंत नातू गाडी हाकीत जाणार, ही कल्पना सोडावी लागली. गाडी लोक ज्यास छोटा हत्ती म्हणतात त्या टेंपोत घालून न्यावयाची आणि आपल्या किंवा परवानगी दिलेल्या खाजगी जमिनीतच चालवावयाची. टेंपोचे भाडे व चढविण्याच्या फळ्या यांचा खर्च किमतीत धरावा. शिरस्त्राण, चष्मा, घोट्यावर येणारे बूट, हातमोजे व छातीचे कवच यांचा तर प्रथमच धरावा. आम्ही नातवास सांगितले की, या वस्तू आधी येतील, गाडी मागाहून.

वनखात्याच्या जमिनीत पाऊल टाकावयाचे नाही. दौंडच्या शेजारी सुप्याचे मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम ५ चौरस किलोमीटरांचे. चिंकारा हरणांस तेवढाच हक्काचा आसरा. आपला माळही ओसाड दिसतो, पण ओसाड नसतो. टिटवी व चंडोल उघड्या जमिनीवर अंडी घालतात. मेंढ्यांचे कळप उतरलेले असतील तेथे इंजिन बंद करावे. उसाच्या पट्ट्यात बिबट्याचा वावर आहे, म्हणून सूर्यास्तापूर्वी तासभर गाडी घरी आली पाहिजे.

आता बारा वर्षांच्या नातीची गोष्ट. ती म्हणाली, “दादाला मिळते, मग मला का नाही?” प्रश्न न्यायाचा होता. अमेरिकेतील त्याच १९८८ च्या कराराने घालून दिलेली मर्यादा अशी होती की, ९० सीसीहून मोठे यंत्र सोळा वर्षांखालील मुलास देऊ नये. आपल्याकडे तर २०१९ च्या दुरुस्तीपासून अल्पवयीनाने सार्वजनिक जागी वाहन चालवून गुन्हा केल्यास पालकास तीन वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड होऊ शकतो. परंतु कायद्याच्या भयाने मूल समजत नाही. आम्ही सर्वजण एका सहलीच्या केंद्रात गाड्या पाहण्यास गेलो होतो. तेथील माणसाने तिला मोठ्या गाडीवर बसविले आणि नातवास “मागं बसा की” म्हणून खूण केली. आम्ही दोघांसही उतरविले. मग तिलाच सांगितले, “पायदानावर उभी राहा. आता हँडल पूर्ण वळव.” तिचा बाहेरचा हात मुठीपासून सुटला. ती स्वतःच म्हणाली, “आजोबा, ही माझ्या मापाची नाही.” तिच्या मापाची लहान गाडी पुढे पाहू, तोवर नव्या वाटा पायी चालून खड्डे शोधण्याचे काम तिच्याकडे आहे, आणि ती वही ठेवते.

शेवटी २५० च्या वर्गातील एक जुनी, हवेने थंड होणारी, रिव्हर्स असलेली गाडी कागदपत्रांसह ठरली. बेअरिंग बंधूंनीच हलवून पाहिले. गाडी माळावर उतरविली त्या सकाळी घरचे सर्व हजर होते. नातवाने पहिला महिना पहिल्या दोन गिअरांच्या पुढे जावयाचे नाही, असा ठराव झाला होता. त्याने तो पाळला. आठांच्या आकाराची वळणे, थांबणे, मागे येणे, एवढेच चालले होते. आम्ही बांधावर उभे होतो. १९७९ साली जेथे उभे राहावयास हवे होते तेथे आम्ही उभे नव्हतो. हे त्या वेळी मनात आल्यावाचून राहिले नाही.

एक तास झाल्यावर नातू गाडी थांबवून बंधूंकडे आला व म्हणाला, “धाकटे आजोबा, हिच्यावर पाय खाली टेकावाच लागत नाही. उलट टेकायचा नसतो. तुम्ही बसून पाहता का?”

बंधू आमच्याकडे पाहू लागले. वयाने त्यांची साठी उलटली आहे. तरी त्यांच्या पाहण्यात सतरा वर्षांच्या मुलाची विचारणा होती. आम्ही म्हणालो, “आधी शिरस्त्राण घाल. बूट आहेत का पायांत?” शिरस्त्राण नातवाने बांधले, थ्रॉटलचा स्क्रू आवळला, मनगटास दोरी अडकविली. बंधूंनी त्या सपाट तुकड्यावर चालण्याच्या वेगाने तीन फेऱ्या घातल्या. आम्ही सबंध वेळ बाजूने चालत होतो; धापही लागली. उतरल्यावर ते इतकेच म्हणाले, “दादा, तू बरोबर आलास.”

असो. आमच्या दरवाजाच्या आतील अंगास आता एक कागद डकविला आहे. त्यावर नियम आहेत ते असे : एका वेळी एकच जण, शिरस्त्राण व बूट असल्यावाचून किल्ली नाही, एकट्याने जावयाचे नाही, दुसरे माणूस जमिनीवर हजर पाहिजे, रस्ता व वनखात्याची हद्द वर्ज्य, सूर्यास्तापूर्वी तासभर परत. किल्ली सौभाग्यवतींच्या फडताळात असते. ज्या बाई “हातपाय मोडून घ्यायला” म्हणाल्या होत्या, त्या आता किल्ली देताना बूट तपासून घेतात.

ही गाडी एकट्याची आहे. परंतु ती एकट्याने निवडावी अशी नाही. आपल्या घरी असा हट्ट आला तर प्रथम सीसी विचारू नका; कोण चालविणार, कोठे चालविणार, कोण शिकविणार आणि बांधावर कोण उभे राहणार, हे विचारा. या चारांची उत्तरे मिळाली तर गाडी आपोआप लहान निवडली जाईल. आणि उत्तरे मिळाली नाहीत तर नकार अवश्य द्यावा. परंतु नकार देऊन आत निघून जाऊ नये.

पुढील महिन्यात, पावसाळ्यापूर्वी घरातील जुन्या पोथ्या व पुस्तके उन्हे दाखवून कशी ठेवावीत, याविषयी लिहू.